हरणांसाठी चाऱ्याची पट्टी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रानालगतच्या जमिनीत हरणांसाठी ओट आणि पांढरा क्लोव्हर (जमिनीलगत पसरणारे चाऱ्याचे पीक) एकत्र पेरला. ओट जोमाने आला. क्लोव्हर मात्र विरळ उगवला असून पिवळट दिसतो. युरिया द्यावा का?

उत्तर : युरिया हे नत्राचे (नायट्रोजनचे) खत तूर्त देऊ नये. क्लोव्हर हे द्विदल पीक असल्याने मुळांवरील गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंच्या साहाय्याने ते हवेतील नत्र मिळवते. वरून टाकलेल्या नत्राचा लाभ प्रामुख्याने गवताला व तणाला होतो आणि आधीच विरळ असलेला क्लोव्हर त्यांच्याखाली दडपला जातो. एखादे रोप मातीसकट अलगद काढून मुळे धुऊन पाहावीत. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी दिसली, तर तिचे काम सुरू आहे. गाठीच नसतील किंवा त्या आतून पांढऱ्या असतील, तर पेरणीपूर्वी बियाण्याला क्लोव्हरसाठीचे जिवाणू संवर्धक (याच रायझोबियम जिवाणूंचे मिश्रण) लावले होते का ते आठवावे आणि माती परीक्षण करून घ्यावे. क्लोव्हरला ६ ते ७ सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल आहे ते दाखवणारा आकडा) मानवतो. जमीन आम्ल निघाली तर चुना घालावा लागेल, पण त्याचा गुण यायला काही महिने जातात. म्हणून हे काम पुढील पेरणीच्या बरेच आधी उरकावे.

विरळ उगवणीचे कारण बहुधा पेरणीची खोली असावी. ओटाचे बी अडीच सेंटीमीटर खोल चालते. क्लोव्हरचे बारीक बी मात्र अर्ध्या सेंटीमीटरहून फार खाली गेले, तर अंकुर वर पोहोचण्याआधीच त्यातला अन्नसाठा संपतो. यापुढे ओट पेरून माती सारखी करावी, मग क्लोव्हर फोकून त्यावर हलका रोलर तेवढा फिरवावा.

प्रश्न : आमची छोटी सोयाबीनची पट्टी खुरटलेलीच राहते. हरणे खातात, की जमीनच निकस आहे?

उत्तर : नुसते पाहून हे ठरवता येत नाही. तारेच्या जाळीचा सुमारे एक मीटर व्यासाचा, कमरेपेक्षा उंच गोल पिंजरा करून तो उगवणीच्या वेळीच पट्टीत पक्का रोवावा. आतले पीक वाढले आणि बाहेरचे तसेच राहिले, तर दोष चरण्याचा. आतही खुरटले, तर जमिनीकडे वळावे. खाल्लेली टोकेही तपासावीत. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यामुळे ते देठ ओढून तोडते आणि टोक फाटलेले दिसते, तर सशाने कुरतडलेला देठ सुरीने तिरका कापल्यासारखा असतो.

माझे मत विचाराल, तर हरणे पुष्कळ आणि पट्टी लहान असेल तेथे सोयाबीन लावूच नये. कोवळेपणीच रोप बीजदलांच्या (बियातून निघणाऱ्या पहिल्या दोन जाड पानांच्या) खाली खुडले गेले, तर ते पुन्हा फुटत नाही. क्लोव्हरचे आडवे खोड जमिनीलगत पसरते, त्यामुळे वरची पाने खाल्ली तरी तो पुन्हा फुटतो.

प्रश्न : चारा कमी पडतो तेव्हा मक्याचे दाणे टाकावेत का?

उत्तर : टाकू नयेत. हरणाच्या पोटातील सूक्ष्मजीव त्या त्या ऋतूतल्या पाल्याशी जुळवून घेतात. कोवळ्या फांद्यांवर जगणाऱ्या हरणाने एकाएकी भरपूर दाणे खाल्ले, तर रवंथाच्या पोटात आम्ल वाढून ते दगावू शकते. एकाच ढिगावर तोंडे लागल्याने रोगही पसरतात. त्याऐवजी कडेची झुडपे राखावीत.