एचओएचा (वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचा) नियम बदलायला दोन-तृतीयांश मते मिळत नसतील तर?

तुम्ही कॅलिफोर्नियातले म्हणताय, २०० घरे, सीसीअँडआर (वसाहतीची नोंदणीकृत मूळ नियमावली) बदलायला १३४ मते हवीत आणि होकार आलेत ११२. मग गाडं पुरतं अडलेलं नाही. तिथल्या सिव्हिल कोडच्या कलम ४२७५ नुसार असोसिएशन (किंवा एखादा घरमालकसुद्धा) काउंटीच्या सुपीरियर कोर्टात अर्ज करून मतांची अट शिथिल करून मागू शकतो.

मेख एकच: होकार एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त हवेत. पडलेल्या मतांच्या नव्हे, एकूण. म्हणजे किमान १०१. तुमचे ११२ आहेत, बसताय. ९५ असते तर कोर्टाची पायरी चढण्यात अर्थ नव्हता.

सगळ्यांना मतदानाची संधी मिळावी म्हणून खरोखर खटपट केली, हेही कोर्टाला पटवावं लागतं. तेव्हा स्मरणपत्रं, ईमेल, दारोदार फिरल्याच्या नोंदी, सगळं जपून ठेवा. भाड्याने घर देऊन दुसरीकडे राहणाऱ्या मालकांना मतपत्रिका बरोबर पत्त्यावर गेली का, ते आधी तपासा. बहुतेकदा घोडं तिथेच पेंड खातं. शिवाय बदल वाजवी हवा. २००८ च्या मिशन शोअर्स खटल्यात ३० दिवसांपेक्षा कमी भाडेकराराला बंदी घालणारी दुरुस्ती अशीच मंजूर झाली होती.

मंजुरीनंतर दुरुस्ती काउंटी रेकॉर्डरकडे (मालमत्तेचे दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयात) नोंदवायला विसरू नका, त्याशिवाय ती लागू होत नाही. वकिलाचा खर्च मात्र आधीच विचारून घ्या.

आणि बदल पार्किंग किंवा स्विमिंग पूल छापाचा साधा नियम असेल, तर मतदानाची भानगडच नको. असोसिएशनचं बोर्ड २८ दिवसांची सूचना देऊन तो करू शकतं.