रेझिस्टर कमी करू की वाढवू?

प्रश्न : सर, मी नांदेडला इंजिनिअरिंग करायलो. प्रोजेक्टला फोटोडायोडच्या (उजेडाचा करंट करणारा) ट्रान्सइम्पिडन्स अॅम्प्लिफायरची, म्हणजे त्या करंटचं व्होल्टेज करणाऱ्या सर्किटची चिप डिझाईन करायलो पण सिम्युलेशनमध्ये नॉईज लई येतोय. फीडबॅक रेझिस्टर (आउटपुटवरून इनपुटला जोडलेला) 1 किलोओहम आहे, तो कमी करू का?

उत्तर : अरे नको, उलटं होईल! 1 किलोओहमचा नॉईज करंट साधारण 4 पिकोअँपिअर प्रति रूट हर्ट्झ असतो, 4 किलोओहम केलास की निम्मा होतो. बँडविड्थ मात्र आक्रसते, मग अॅम्प्लिफायर जास्त फास्ट लागतो.

पण खरी गोम इनपुटच्या कपॅसिटन्समध्ये (चार्ज साठवायच्या क्षमतेत) आहे बघ. इनपुट ट्रान्झिस्टरचा व्होल्टेज नॉईज तिच्यामुळं करंट नॉईज होऊन येतो अन् फ्रिक्वेन्सीसोबत वाढतच जातो, म्हणून फोटोडायोडसोबत पॅड (चिपला बाहेरची वायर जोडायची जागा) आणि इएसडी डायोडचीही (स्टॅटिक विजेपासून चिप वाचवणारा) कपॅसिटन्स धर, पोरं नेमकं तेच विसरतात. ट्रान्झिस्टर मोठा केला की जीएम (गेटच्या व्होल्टेजनं करंट किती बदलतो ते) वाढतो पण गेटची कपॅसिटन्सही वाढते. करंट डेन्सिटी (ट्रान्झिस्टरच्या रुंदीमागं करंट) तीच ठेवलीस तर गेटची कपॅसिटन्स बाकी सगळ्यांच्या बेरजेएवढी होते तिथं हा नॉईज सगळ्यात कमी, अन् एकूण करंटच ठरलेला असेल तर त्याहून लहान ट्रान्झिस्टर बरा. आधी लेआउटमधून पॅडची कपॅसिटन्स काढ, मग साईज ठरव.