अमेरिकेतून येणारे हंटिंग बूट सह्याद्रीत चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिनेसोटात राहणारा भाऊ येताना हंटिंग बूट आणू का विचारतोय. ते आपल्या ट्रेकना, त्यातही पावसाळ्यात, पायाला सुखाचे ठरतील का आणि किती वर्षं टिकतील? मी सव्वीस वर्षं डोंगरात फिरतोय आणि त्यातली काही वर्षं असे बूट पायात घालून काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

जरूर मागवा, पण भावाच्या आसपासच्या दुकानांत जे समोर मांडलेले असतील ते मागवू नका. तिकडे हरणांच्या शिकारीचा मोठा हंगाम नोव्हेंबरातला. शिकारी पहाटे झाडावरच्या मचाणावर चढतो आणि गोठवणाऱ्या थंडीत तासन्‌तास न हलता बसतो. त्या बुटाचं काम बसलेल्या माणसाचे पाय ऊबदार ठेवणं हे. त्यावर ४००, ८००, १००० ग्रॅम असे आकडे असतात. ते बुटाचं वजन नव्हे, आतल्या ऊबदार अस्तराचं दर चौरस मीटरचं वजन. आपल्याकडे डिसेंबरात कळसूबाईवर मुक्काम केलात तरी त्याची गरज नाही. चढणीवर अशा बुटात पाय घामाने अक्षरशः शिजतो, कातडी मऊ पडते आणि मऊ कातडीला फोड येतातच. भावाला सांगा, ‘अनइन्सुलेटेड’ हवेत, म्हणजे ऊबदार अस्तर नसलेले. माळावर पक्ष्यांमागे किंवा पहाडात दिवसभर चालणाऱ्या शिकाऱ्यांसाठी असे बूट मिळतात. आपल्या कामाचे तेच.

आता टिकाऊपणा. लोक चामड्याची जाडी चाचपून बघतात, पण बूट जातो तो वरचा भाग (अप्पर) आणि सोल यांच्या जोडात. हंटिंग बुटाच्या इतिहासाची सुरुवातच या दुखण्याने झाली आहे. मेन राज्यातल्या लिऑन लिऑनवुड बीन यांनी ओल्या पायांना कंटाळून खाली रबर आणि वर चामडं असा बूट बनवला आणि १९१२ साली टपालाने विकायला काढला. पहिल्या १०० जोडांपैकी ९० परत आले, कारण रबर आणि चामडं एकमेकांपासून सुटत होतं. त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले, कर्ज काढलं, बूट सुधारला. तो बूट आजही बनतो. शंभर वर्षांनंतरही बूट हातात घेतला की मी आधी तो जोड बघतो.

हे मी किंमत मोजून शिकलो. माझे एक चांगले महागाचे बूट ‘मोठ्या ट्रेकला वापरू’ म्हणून सहा-सात वर्षं खोक्यात जपून ठेवले होते. रतनगड उतरताना उजव्या पायाचा सोल टाचेकडून लोंबायला लागला आणि अर्ध्या तासात डाव्याचाही. नायलॉनच्या दोरीने बांधून कसाबसा रतनवाडीत पोचलो. वरचं चामडं नव्यासारखं होतं. बिघाड होता तो सोल आणि अप्पर यांच्यामधल्या मऊ थरात, मिडसोलमध्ये. हा थर पुष्कळदा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने आणि उष्णतेने तो आतून विरत जातो आणि एक दिवस भुसभुशीत होऊन सुटतो. बूट वापरला नाही तरी हे होतं. बंद खोक्यात, आपल्या पावसाळी हवेत तर लवकरच. त्यामुळे ‘सेलमध्ये स्वस्त मिळाले’ म्हणून दुकानात चार वर्षं पडून असलेला जोड भावाने उचलू नये. बनावटीची तारीख बुटाच्या आतल्या लेबलवर बहुतेक वेळा असते.

मग घ्यायचं काय? अप्परभोवती चामड्याची पट्टी शिवून त्या पट्टीला सोल शिवलेला असतो, त्याला वेल्ट म्हणतात. हा बूट जड आणि सुरुवातीला अडमुठा, पण सोल झिजला तर बदलता येतो. नुसत्या पेस्टिंगचा, म्हणजे सोल चिकटवलेला बूट हलका आणि पहिल्या दिवसापासून मऊ, मात्र एकदा सुटला की सोल्युशन लावून त्यात पहिल्यासारखी जान येत नाही. आमच्या चौकातल्या गटई स्टॉलवाल्या काकांनी माझ्या वेल्टच्या बुटाला दोनदा नवा सोल बसवला आहे. पेस्टिंगच्या बुटाला मात्र ते आधीच सांगतात, ‘चिकटवून देतो, पण डोंगरात नेऊ नका.’ मी त्यांचं ऐकतो.

पावसाळ्याबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगतो. वॉटरप्रूफ अस्तर आपल्या जुलैत फारसं कामाचं नाही. त्या पापुद्र्यातून घामाची वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा कोरडी हवी. भीमाशंकरच्या धुक्यात ती कोरडी कुठून मिळणार? आणि एक ओढा गुडघाभर पाण्यातून ओलांडलात की पाणी वरून आत शिरतं ते तिथेच राहतं, कारण जे बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही ते आतलं बाहेरही जाऊ देत नाही. अमेरिकन सैन्याने व्हिएतनामच्या जंगलासाठी बूट केले तेव्हा तळव्याच्या कमानीशी पाणी निचरायला जाळीची भोकं ठेवली होती, वर पटकन वाळणारं कापड होतं. आपल्याकडच्या जुन्या ट्रेकरांच्या पायात कॅनव्हासचे हंटर शूज असायचे, त्यांचाही गुण हाच, भिजले तर भिजले, वाळायचे लवकर. म्हणून भर पावसात मी हलके, निचरा होणारे बूट घालतो आणि चामड्याचे हंटिंग बूट ऑक्टोबर ते मेसाठी ठेवतो. कारवीच्या रानातून, घसाऱ्यावरून, काट्याकुट्यातून जाताना त्यांच्यासारखं सुख नाही. घोट्याच्या वर आलेलं जाड चामडं असलं की फुरशाच्या प्रदेशात पाऊल टाकतानाही मनाला धीर असतो, अर्थात बघून चालणं सुटत नाही.

पकड मात्र तपासून घ्या. खोल खाचांचा टणक रबरी सोल वर्षानुवर्षं झिजत नाही आणि चिखलात छान रुततो, पण ओल्या शेवाळलेल्या कातळावर तोच दगा देतो. मऊ रबर कातळ धरतं, झिजतंही भराभर. दोन्ही एकत्र मिळत नाही. रॉकपॅच, म्हणजे हातपाय लावून चढायचे कातळटप्पे, असलेल्या वाटा करणार असाल तर मी टिकाऊपणा सोडून पकड घेईन.

मापाच्या बाबतीत एक गोष्ट भावाला नक्की कळवा. तिकडे लांबीबरोबर रुंदीही अक्षरांत देतात. पुरुषांमध्ये डी म्हणजे सर्वसाधारण आणि डबल ई म्हणजे रुंद. आपल्यापैकी जे लहानपणी अनवाणी किंवा चपलेत वावरले त्यांचा चवडा बहुधा पसरट असतो आणि डी मध्ये करंगळी चेचली जाते. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, ट्रेकला घालता तेच मोजे घालून पाऊल कागदावर काढा. लांबी-रुंदी मोजून पाठवा. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी होतात. टाच मात्र आत उचलली जाता कामा नये. चामड्याचे बूट सुरुवातीला चावतातच. आधी सिंहगडासारख्या ओळखीच्या वाटेवर चार-पाच फेऱ्या करा, मग मोठा बेत आखा. वजनही विचारा. पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच किलोंइतकं दमवतं, म्हणून जोडी दीड किलोच्या वर असेल तर मी तरी घेणार नाही.

भिजले तर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा आणि बोळे दोन-तीनदा बदला. चुलीजवळ ठेवलेत तर चामडं तडकतं. पूर्ण सुकल्यावर मेण चोळा आणि खोक्यात न घालता उघड्यावर ठेवा. इतकं केलंत आणि वेल्टचे घेतलेत, तर महिन्याला एक ट्रेक धरून आठ-दहा वर्षं, मध्ये एकदा सोल बदलून, हा माझा अनुभव. पेस्टिंगचे असतील तर चार वर्षं समाधानाने वापरा. आणि भावाला नाड्यांचे दोन जादा जोड आणायला सांगा. घोट्याच्या वर जाणाऱ्या बुटांना लागतात तेवढ्या लांब आणि दणकट नाड्या मला पुण्यात शोधूनही मिळाल्या नव्हत्या.