लीप सेकंदांच्या फाइलचा हॅश जुळत नसेल तर

लीप सेकंद म्हणजे घड्याळं पृथ्वीच्या फिरण्याशी जुळती ठेवायला अधूनमधून घातलेला जादा सेकंद; त्यांची यादी या फाइलीत असते. हॅश म्हणजे आकडे बदलले का ते तपासायचा ठसा, तो इथे एसएचए-१ या पद्धतीनं काढतात. पण अख्ख्या फाइलवर एसएचए-१ चालवलंत, तर हॅश जुळणारच नाही. '#एच' (फाइलीत '#h') ओळीतला हॅश फक्त निवडक अंकांचा असतो: '#$' ओळीतली बदलाची वेळ, '#@' ओळीतली मुदत (फाइल कधीपर्यंत ग्राह्य) आणि मग प्रत्येक नोंदीतले दोन्ही आकडे: १९०० पासून सेकंदांत मोजलेली वेळ, आणि तेव्हापासून अणुघड्याळाची वेळ नेहमीच्या वेळेच्या (यूटीसी) किती सेकंद पुढे. सगळे एकमेकांना चिकटवून, मधे स्पेस नाही, टिपा नाहीत. १९७२ ची पहिली नोंद '२२७२०६०८०० १०'. ती '२२७२०६०८००१०' अशी जाते (फाइलीत अर्थात इंग्रजी अंक). शेवटची नोंद १ जानेवारी २०१७ ची, ३७ सेकंदांची.

हे अंक हॅश काढणाऱ्या आज्ञेला 'प्रिंटएफ' (printf) या आज्ञेनं पाठवा. 'एको' (echo) शेवटी नवी ओळ जोडतो आणि तेवढ्यानं पूर्ण हॅश बदलतो. विंडोजवरून आलेल्या फाइलीतलं कॅरेज रिटर्न (ओळीच्या शेवटचं न दिसणारं चिन्ह) हेही काढा.

तरीही जुळेना? हॅशचे पाच गट नीट मोजा. प्रत्येकात आठ अक्षरं हवीत, पण काही फाइलींत सुरुवातीचं शून्य गाळलेलं असतं. सातच दिसली तर त्यांच्या आधी शून्य लावा. नवख्यांचा वेळ इथे जाऊ शकतो.

हॅश जुळला तरी मुदत बघाच. नवा लीप सेकंद नसतानाही मुदत वाढते, म्हणून हॅशही बदलतो. आणि फाइल एचटीटीपीएसवरूनच घ्या, कारण आकडे बदलणारा हॅशही नव्यानं काढू शकतो.