आठ मिनिटांचा हिशेब

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

यावलच्या शाळेत रुजू झालीस, आणि पहिलाच पाठ सूर्यप्रकाशाचा आला! ‘प्रकाश 8 मिनिटांत पोहोचतो’ एवढं फळ्यावर लिहून पुढे सरकू नकोस. भागाकार पोरांनाच करू दे. सूर्याचं सरासरी अंतर सुमारे 14 कोटी 96 लाख किलोमीटर, प्रकाशाचा वेग सेकंदाला जवळपास 3 लाख किलोमीटर. उत्तर 499 सेकंद, म्हणजे 8 मिनिटं 19 सेकंद.

मग ‘सरासरी’पाशी थांब, खरी गंमत तिथेच आहे. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो, जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब. फरक 50 लाख किलोमीटरचा, प्रकाशाच्या हिशेबाने 16-17 सेकंदांचा. आता वर्गाला विचार: सूर्य जवळ असताना आपल्या केळीला थंडीचा चरका का बसतो? आणि तो लांब चाललेला असताना मे महिन्यात भुसावळ 45 अंशांवर कसं जातं? काहीजण भलतंच उत्तर देतील. देऊ दे, लगेच दुरुस्त करू नकोस. मैदानात काठी रोवा. जानेवारीत भर दुपारी तिची सावली जवळजवळ काठीएवढीच पडेल. मे अखेरीस एका दुपारी ती पार नाहीशी होते. (तेव्हा सुट्टी असते खरी, पण गावातली चार पोरं येतातच.) ऊन किती उभं पडतं आणि दिवस किती मोठा, यावर तापमान ठरतं, 16 सेकंदांवर नाही.

रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाचं नाव जरूर घे. 1676 साली गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं मोजताना प्रकाशालाही वेळ लागतो हे त्याने ताडलं. पृथ्वीची कक्षा आरपार ओलांडायला 22 मिनिटं, असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात लागतात साधारण साडेसोळा. आकडा हुकला तरी तर्क बरोबर होता, हे पोरांना कळू दे.

एखादी चुणचुणीत मुलगी विचारेल, प्रकाशाला सूर्याच्या पोटातून पृष्ठभागापर्यंत यायला किती वेळ? हजारो वर्षं, काही अंदाज लाखाच्याही पुढे जातात. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या गर्दीत रेटे खात वाट काढावी तसं ते होतं म्हण. पण प्रकाशाचा तोच कण बाहेर येतो असं सांगू नकोस. ऊर्जा वाटेत पुन्हा पुन्हा शोषली जाते, पुन्हा बाहेर टाकली जाते.

काठीसाठी गवंड्याकडून ओळंबा मागून घे, तिरपी काठी सगळं मोजमाप बिघडवते. आणि घड्याळातल्या बाराला आपल्याकडे मध्यान्ह होत नाही. जानेवारीत साडेबाराच्या थोडं आधीपासून सावलीच्या टोकावर खुणा करत राहा. सगळ्यात आखूड सावली तीच खरी.