पायांवर पिसं असलेल्या कोंबड्या पाळणार असाल तर

ब्रह्मा घ्या, कोचीन घ्या नाहीतर सिल्की, जात कुठलीही असो, परसात पाळताना तुमचा खरा शत्रू एकच: ओल. पायांवरची पिसं चिखलात भिजली की बोटांना मातीचे गोळे चिकटतात, सुकून दगडासारखे होतात. ओढून काढू नका, नखासकट निघेल. कोमट पाण्यात पाय बुडवून गोळा विरघळू द्या, मग पाय नीट कोरडे करा. खुराड्यात लाकडाचा भुसा जाड पसरा, ओला झालेला रोज काढा. पावसात सरळ छपराखालीच ठेवा, कितीही ओरडल्या तरी.

आठवड्यातून एकदा पिसं बाजूला करून खवले बघा. खवल्यांखाली शिरणारे बारीक किडे पिसांआड बराच काळ लक्षात येत नाहीत. खवले वर उचललेले, खडबडीत दिसले तर पाय धुऊन व्हॅसलिन जाड लावा, काही दिवसांनी पुन्हा. लागण पसरते, म्हणून सगळ्यांचेच पाय तपासा. खवले खरवडायचे नाहीत. नवं उगवणारं पीस तुटलं तर रक्त येतं आणि ते दिसलं की बाकीच्या टोचत सुटतात. अशीला लगेच वेगळी काढा.

बसायची दांडी जमिनीपासून फूट-दीड फूट, बस. ब्रह्मा आणि कोचीन जड असतात, उंचावरून उडी मारून पाय दुखावून घेतात. सिल्कीला तर उडताच येत नाही.

अंड्यांसाठी घेत असाल तर दुसरी जात बघा, असं माझं स्पष्ट मत. सिल्की आणि कोचीन वारंवार खुडूक होतात, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसतात. मात्र दुसऱ्या कोंबडीची अंडी उबवायची असतील, तर २१ दिवस जागा न सोडणारी सिल्कीच हवी.