कुडाळहून लिस्बनला येऊ का, असं विचारणाऱ्या भावाला

आधी उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. पण "पोर्तुगाल आता मंदीतून बाहेर पडलाय, टुरिझम जोरात आहे, हॉटेलवाले माणसं शोधतायत, मग बायको-मुलाला घेऊन लिस्बनला यायला हरकत काय?" हा तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना. तुम्ही कुडाळचे, गोव्यात हॉटेलात इतकी वर्षं काढलेली, मुलगा दुसरीत. मी गोव्यातल्या पेडण्याची. नवऱ्याच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज राजवटीत नोंदलेला, म्हणून त्याला इथला पासपोर्ट मिळाला. तो आधी आला, २०१६ मध्ये मी आणि मुलगी. तुमच्याकडे ती वाट नाही, तुम्ही नोकरीच्या व्हिसावर येणार. तो कुठला, फी किती, हे वकिलातीच्या साइटवर वाचा. नियम इतक्या वेळा बदलतात की माझ्या सांगण्यावर जाऊ नका. एवढंच सांगते की टुरिस्ट म्हणून यायचं, नोकरी धरायची आणि इथल्या इथे कागदांसाठी अर्ज करायचा, ही सोय जून २०२४ मध्ये बंद झाली. कुणी एजंट अजून तो रस्ता दाखवत असेल तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

मंदीचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. २०११ मध्ये सरकारकडे कर्ज फेडायला पैसे उरले नव्हते. युरोपियन कमिशन, युरोपियन सेंट्रल बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी मिळून अटी घातल्या, आणि ७८ अब्ज युरोंचं कर्ज मिळालं. त्या तिघांना इथे 'त्रोइका' म्हणतात, आपल्याकडे जुनी माणसं सावकाराचं नाव घेतात त्या आवाजात. सरकारी नोकरांचे पगार कापले, खानावळीतल्या जेवणावरचा व्हॅट १३ वरून २३ टक्के केला, वर्षाच्या चार सार्वजनिक सुट्ट्या काढून घेतल्या. ईडीपी या वीज कंपनीतला सरकारचा २१ टक्क्यांहून जास्त हिस्सा चिनी कंपनीला गेला, विमानतळ चालवणारी कंपनी फ्रेंच विंचीला. २०१३ च्या सुरुवातीला बेकारी १७ टक्क्यांच्या वर होती. पोरं फ्रान्स, स्वित्झर्लंड, लक्झेंबर्गला निघून गेली. आमच्या शेजारणीचे दोन्ही मुलगे तेव्हाच गेलेले, अजून परत आलेले नाहीत. परत येणाऱ्यांना सरकार २०१९ पासून उत्पन्नावरच्या करात निम्मी सूट देतंय, तरी नाहीत. हे लक्षात ठेवा. ज्या पगारावर इथली पोरं राहिली नाहीत त्या पगारावर तुम्ही येताय.

मे २०१४ मध्ये त्रोइकाचा कार्यक्रम संपला. ग्रीसला तशाच कार्यक्रमातून सुटायला २०१८ उजाडलं. २०१५ च्या अखेरीस अंतोनिओ कॉस्टा पंतप्रधान झाले. त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं, घरात त्यांना बाबुश म्हणतात, त्यामुळे माझे सासरे पेडण्यातून फोन करून "आमच्या बाबुशने सुट्ट्या परत दिल्या" असं मलाच सांगायचे. दिल्या खऱ्या, जेवणावरचा व्हॅटही खाली आणला. २०१९ च्या हिशोबात तर लोकशाही आल्यापासून पहिल्यांदाच शिल्लक निघाली. २०२३ मध्ये सरकारी कर्ज देशाच्या वर्षाच्या उत्पन्नापेक्षा कमी झालं. हे सगळं तुम्ही पेपरात वाचलंत, आणि ते खोटं नाही.

पण सावरले कशावर, ते बघा. बूट, कापड, पाल्मेलाचा फोक्सवॅगनचा कारखाना, निर्यात सगळीकडेच वाढली. मोठा हात मात्र पाहुण्यांचा. २०१२ मध्ये भाडेकायदा बदलला, वर्षानुवर्षं गोठलेली भाडी घरमालकांना मोकळी झाली. त्याच वर्षी गोल्डन व्हिसा आला, म्हणजे ५ लाख युरोंचं घर घ्या आणि राहण्याचा परवाना मिळवा. परदेशी पेन्शनरांना करात सवलत होतीच. २०१४ मध्ये टुरिस्टांना घर भाड्याने देण्याची नोंदणी अगदी सोपी केली. स्वस्त विमान कंपन्यांनी लिस्बनला तळ टाकला, आणि इजिप्त-ट्युनिशियाला जायला घाबरलेले लोकही इकडे वळले. आता एक कोटीच्या आसपास वस्तीच्या या देशात वर्षाला ३ कोटींहून जास्त पाहुणे हॉटेलांत आणि भाड्याच्या घरांत उतरतात. पुढे त्या गोल्डन व्हिसातून २०२३ मध्ये घरं वगळली, पण तोवर भाडी वर गेली ती गेलीच.

मी आल्यावर लिस्बनच्या आल्फामा या जुन्या वस्तीत टुरिस्टांचे फ्लॅट साफ करायचे. गल्लीत जवळजवळ प्रत्येक दाराला चाव्या ठेवायची, आकड्यांच्या कुलपाची डबी. त्यातल्या एका इमारतीत खाली एक म्हातारी राहायची, मला पाणी द्यायची, माझं मोडकं पोर्तुगीज सुधारायची. घरमालकाने करार पुढे चालवला नाही. ती मुलीकडे शहराबाहेर अमादोराला गेली, आणि काही महिन्यांनी तिचा फ्लॅट माझ्या यादीत आला. स्वयंपाकघरातल्या निळ्या फरशा तशाच ठेवल्या होत्या, फोटोत छान दिसतात म्हणून. मी त्या पुसल्या, पैसे घेतले, चादरी बदलून पुढच्या फ्लॅटला गेले. गोव्यात आसगावात दिल्लीवाल्यांनी घरं घेतली तेव्हा आम्ही घरी बसून शिव्या घालायचो. इथे मी त्याच धंद्यात झाडू धरून उभी होते, आणि काम सुटेल की काय ही भीती मला त्या म्हातारीच्या दुःखापेक्षा मोठी वाटत होती. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून पगार नंतर विचारा, आधी घर कुठे ते विचारा. किमान पगार २०२५ मध्ये महिना ८७० युरो होता, वर्षाला १४ पगार, कारण सुट्टीचा आणि नाताळचा एकेक जास्त. त्यातून ११ टक्के सोशल सिक्युरिटीला. तुमचा अनुभव बघून थोडं वर देतील, फार वर नाही. आणि लिस्बन शहरात एका बेडरूमचं बरं घर हजार युरोंच्या खाली मिळालं तर नशीब समजा. आम्ही नदीपलीकडे बारेइरोला राहतो, बोटीने येतो-जातो. एक गोष्ट सरकारने खरोखर चांगली केली: २०१९ पासून ४० युरोंच्या एकाच पासवर लिस्बनच्या आसपासच्या अठराही नगरपालिकांत बस, ट्रेन, मेट्रो, बोट सगळं चालतं. तो पास नसता तर आम्ही केव्हाच परतलो असतो. दक्षिणेला समुद्रकाठच्या आल्गार्व्हला बोलावत असतील तर दहादा विचार करा, तिथे नोव्हेंबरात निम्मी हॉटेलं झोपतात.

कागदांचं आता सांगतेच, राहवत नाही. पेडण्यात लग्नात माझं नाव बदललं. जन्मदाखल्यावर एक बाई, पासपोर्टवर दुसरी. आजोबांचं परब हे आडनाव जुन्या पोर्तुगीज नोंदीत पोरोब, नवऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर परब. मुलीच्या नावात मध्ये बापाचं नाव, ते बघून एका खिडकीवरच्या बाईंनी मला विचारलं, मुलीला पुरुषाचं नाव का ठेवलंत? एक दाखला मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. घराच्या करारासाठी कर-नंबर पाहिजे, कर-नंबरासाठी पत्ता पाहिजे, आणि पत्त्याच्या दाखल्यासाठी त्याच वॉर्डातले दोन मतदार साक्षीदार पाहिजेत, नुकत्याच उतरलेल्या माणसाला ते कोण ओळखणार? माझ्यासाठी साक्ष दिली ती कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याने आणि त्याच्या मेव्हण्याने. तुम्ही येणार ते दिवस त्याहून वाईट आहेत. २०२३ मध्ये परदेशी लोकांचे कागद बघणारं जुनं सरकारी खातं बंद करून नवं काढलं, तेव्हा त्याच्या गळ्यात सुमारे ४ लाख प्रकरणं तुंबलेली होती. फॅमिली डॉक्टर नसलेले लोक १५ लाखांच्या वर आहेत, ते वेगळंच.

शाळा. इथे मला अजून राग येतो. मुलगी गावच्या मराठी शाळेतून चौथी पास होऊन आलेली, पाढे तीसपर्यंत पाठ. शाळेने तिला पुन्हा चौथीत बसवलं, भाषा येत नाही म्हणून. तेही मान्य केलं असतं. पण परक्या मुलांसाठी पोर्तुगीजचा जो वेगळा तास कागदावर असतो, तो पुरेशी मुलं नाहीत म्हणून झालाच नाही. ती शेवटच्या बाकावर बसून वहीत फुलं काढायची. प्रगतिपुस्तकावर लिहून आलं की गणितात आधाराची गरज आहे. गणितात! शाब्दिक उदाहरण वाचता येत नव्हतं एवढंच. पालकसभेला मी गेले तर दुभाषी कोण, तीच. बाई काय म्हणतात ते ती मला सांगत होती आणि मी मान डोलवत होते. "चांगली आहे म्हणतात" असं म्हणाली. बाई खरं काय म्हणाल्या होत्या ते तिने मला दहावीत असताना सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही. आज ती बाजारात माझे उच्चार सुधारते. नवरा म्हणतो, मग झालं ना सगळं नीट, कशाला उगाळतेस? मला माहीत नाही कशाला.

हो, शाळेतलं गरम जेवण स्वस्त आणि चांगलं. आमच्याकडे सोमवारी मासळी-मटण नाही. सुरुवातीला मुलगी सोमवारी पाव आणि फळावर राहायची. २०१७ मध्ये कायदा झाला, सरकारी कँटीनमध्ये शाकाहारी ताट ठेवायलाच लागतं, मग ती चिंता गेली. तुमचा मुलगा सात वर्षांचा, तुमच्यासाठी हे वय माझ्या मुलीपेक्षा बरं. लहान असतात तेवढी भाषा लवकर येते.

करमतं का, विचारलंत. करमतं. गणपतीत, चवथीला मात्र गावी येता येत नाही, कारण तेव्हा हॉटेलं भरलेली असतात आणि रजा मिळत नाही. पुढचं.

लोक कसे आहेत? बहुतेक चांगले. पण हवा बदलते आहे. लिस्बनच्या मार्टिम मोनिझ चौकाजवळ बेनफोर्मोझो नावाची गल्ली आहे, बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी दुकानांची. कढीपत्ता मी तिथूनच घेते. १९ डिसेंबर २०२४ ला पोलिसांनी त्या गल्लीत रस्त्यावरच्या माणसांना भिंतीकडे तोंड करून ओळीने उभं केलं आणि झडती घेतली. गोव्यात त्या दिवशी मुक्तिदिनाची परेड चालू होती. नवरा म्हणाला, मी तर पोर्तुगीज नागरिक. मी म्हटलं, ते तुझ्या पाठीवर लिहिलेलं नाही. मे २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांच्या विरोधात बोलणारा शेगा पक्ष जागांमध्ये दुसरा आला. आमच्याच बोटीतून रोज येणाऱ्या माणसांनी त्यांना मत दिलंय, आणि भाडं त्यांनाही परवडत नाही. पाहुण्यांवर ते राग काढत नाहीत, त्यांच्यावर पोट आहे. आमच्यावर काढतात.

तर येऊ का? हॉटेलकडून तीन गोष्टी लेखी घ्या: करार कायमचा की मुदतीचा, हिवाळ्यात किती तास काम, आणि खोली देत असतील तर नोकरी सुटल्यावर किती दिवसांत रिकामी करायची. पगार पावतीवर नोकर म्हणून देणार की 'हिरव्या पावत्या' फाडायला लावणार, हेही विचारा. दुसऱ्या प्रकारात तुम्ही कागदावर स्वतःचेच मालक, मग सुट्टीचा पगार नाही आणि नाताळचाही नाही. हे नीट मिळालं तर आधी एकटे या, एक हिवाळा काढा. मग दोघांना जून-जुलैत आणा, शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते, तोवर मुलगा गल्लीतल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळून निम्मी भाषा उचलेल. आणि बायकोचं नाव लग्नात बदललं असेल तर गॅझेटची प्रत आत्ताच काढून त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, मारून घ्या, इथून ते काम होत नाही.